वस्तीचे पाच खांब

खांबावर चढण्याआधी तो पक्कड उलटी धरून खांबाच्या बुडाशी दोन-तीनदा ठोकायचा आणि मग खांबाला कान लावायचा. लाकडी खांब असेल तर हे समजण्यासारखं होतं. वाळवीने आतून खाल्लेला खांब ठोकला की पोकळ वाजतो. पण तो लोखंडी खांबालाही ठोकायचा, आमच्या दवाखान्याच्या दारालाही ठोकायचा, आणि एकदा दुपारी मी बाकावर डुलक्या घेत असताना त्याने माझ्या बरगड्यांवर बोटांनी ठोकून पाहिलं. मी दचकून उठलो तर शांतपणे म्हणाला, "झोपा, झोपा. भरीव हाये अजून."

असा एखादा वायरमन तुमच्याही गावात असेल. खाकी पँट, कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, सायकलच्या दांड्याला तारेचं वेटोळं. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण गावात कुणी घेत नसे. सगळे त्याला वायरमन म्हणायचे आणि मी वायरमनभाऊ म्हणायचो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमचा जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता, आम्ही अकोल्याचेच. मी अनसिंगला एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे अर्धा डॉक्टर, असं गावाला वाटायचं, आणि गावाचा हा गैरसमज दूर करायची मी कधी घाई केली नाही. लोक मला रस्त्यात अडवून जीभ दाखवायचे. मीही बघायचो आणि मान हलवायचो.

वायरमन पहिल्यांदा पेशंट म्हणून आला तो घोळणा फुटून. शर्टाचा पुढचा भाग रक्ताने माखलेला, नाकाला रुमाल, आणि तरी चेष्टा चालूच. "वरची टाकी भरून वाहून राह्यली, साहेब. कॉक बंद करा." डॉक्टर हसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबला. पारा चढत गेला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा पारा दोनशेच्या वर.

"डोकं दुखतं?"

"दुखते. पन डोकं कोनाचं दुखत नाई?"

पहिल्यांदा त्याला सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या. तेव्हा रक्तदाब म्हटलं की त्याच असायच्या. त्या गोळ्यांनी त्याचं नाक चोंदलं आणि मन उतरलं. महिनाभर हा माणूस सुतकात बसल्यासारखा फिरायचा. कुणाच्या दाराला ठोकेना, कुणाची चेष्टा करेना. म्हणून डॉक्टरांनी अकोल्याहून नवी गोळी मागवली. पांढरी, मधोमध रेघ असलेली. ती जोरदार आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पुडी बांधताना "रोज सकाळी एक" असं त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा "हो" म्हटलं.

नाक मोकळं झालं, चेष्टा परत आली, पारा खाली आला. मला वाटलं, झालं.

दोनेक महिन्यांनी तो एक गंमत सांगायला म्हणून आला. बाजाराच्या टोकाला खांबावरचं काम उरकून तो खाली उतरला होता. पट्टा सोडून कुणाशी तरी बोलत उभा राहिला आणि डोळ्यांपुढे एकदम काळोख. "दुपारच्या बारा वाजता मले रात दिसली. म्या खांबाले असी मिठी मारली, का बायकोलेबी कवा मारली नाई." बायको जाऊन त्याला सहा वर्षं झाली होती, मुलगी इंझोरीला दिलेली होती. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. मी हसलो. डॉक्टर आतून बाहेर आले.

"गोळी किती वाजता घेतोस?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "रोज घेतच नाई, साहेब. खांबाच्या दिवसी घेतो. चढाच्या आधी. काम मोठं असलं तं दोन."

"का?"

"लोड असते तवाच फ्यूज पाह्यजे ना. घरी बसून कायले फ्यूज जाळाचा?"

ही चूक वायरमनच करू जाणे. शेतकरी असता तर गोळी संपेपर्यंत घेतली असती आणि मग सोडून दिली असती. बाई असती तर अर्धी नवऱ्याला दिली असती. याने आपल्या धंद्याचं शहाणपण लावलं होतं, आणि ऐकायला ते इतकं बरोबर वाटत होतं की मीसुद्धा क्षणभर मान हलवली.

डॉक्टरांनी त्याला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. इतकं सविस्तर ते कधी कुणाशी बोलत नसत. "काम करताना पायांना रक्त जास्त लागतं, म्हणून तिथल्या रक्ताच्या नळ्या रुंद होतात. त्याच वेळी शरीर दुसरीकडच्या नळ्या आवळून धरतं, म्हणून डोक्याला रक्त पुरतं. ही गोळी त्या नळ्यांना आवळूच देत नाही. म्हणून तर दाब उतरतो. तू नुसता बसलेला असशील तर ठीक. पण उन्हात खांब चढलास, की रक्त सगळं पायांत उतरणार. चढताना निदान पाय हलत असतात, ते रक्त वर ढकलतात. उतरून गप्प उभा राहिलास की तेही बंद."

वायरमनने थोडा विचार केला. "म्हंजे साऱ्या वावरातल्या मोटरी एका टायमाले सुरू झाल्या, का लाइनीच्या टेलवरचा बल्ब बारीक होते. तसंच ना?"

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. "अगदी तसंच."

"मंग मले समजलं."

"समजलं ना? मग गोळी रोज, ठरलेल्या वेळी, एकच. आणि खांबावर चढायचं बंद. मी तुझ्या साहेबाला चिठ्ठी देतो, तुला स्टोअरमध्ये बसवतील."

त्याचा चेहरा सर्पगंधाच्या दिवसांत झाला होता तसा झाला. "चिठ्ठी नोका देऊ साहेब," तो म्हणाला. "पाच खांब राह्यले. ते झाले का मंग तुमी म्हनसान तिथी बसतो."

ते पाच खांब काय होते ते सांगायला हवं. त्याची वस्ती गावापासून कोसभर, नाल्याच्या पलीकडे होती. तिथली घरं बुद्धाची झाली त्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं होत होती. अनसिंगला लाइट येऊन बरेच दिवस झाले होते. पाटलाच्या गोठ्यात बल्ब होता, म्हशीला उजेडात दूध काढून घ्यायची सवय झाली होती. नाल्याच्या अलीकडे लाइन संपायची. वस्तीसाठी मंजूर झालेले पाच खांब वर्षभर गवतात आडवे पडून होते आणि शेळ्या त्यांच्यावर चढून बाभळीचा पाला खायच्या. वस्तीतला पहिला सरकारी पगारदार हा, आणि तोही वायरमन. त्याची आई त्याला रोज एकच सुनवायची. "साऱ्या मुलखाले उजेड देते, अन् माह्या घरी चिमनी." हे तोच आम्हाला सांगायचा, आईच्या आवाजात, ओठ काढून. ऐकणारे हसायचे. तो नाही हसायचा.

अर्जामागून अर्ज करून त्याने ते काम वर आणलं होतं. तो स्टोअरमध्ये बसला, की त्याच्या जागी येणारा माणूस आधी कुणाच्या मोटरीची लाइन जोडणार हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. "काम झाल्यावर उभं राहायचं नाही, ताबडतोब बसायचं," एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू लक्षात ठेव. हा कधी पडलाच तर आडवा करायचा, पाय वर धरायचे. उठवून बसवायचा नाही. डोकं वर ठेवलं तर तिथे रक्त पोचणार नाही आणि माणूस जाईल. समजलं?"

मीही "समजलं" म्हणालो.

त्यानंतर माझं स्वास्थ्य गेलं. आमच्या दवाखान्यात छताला एक पंखा होता. वायरमन कुठेही खांबावर चढला की त्याआधी लाइन बंद करून घ्यायचा, आणि आमचा पंखा हळूहळू थांबायचा. पेशंट वैतागून पदराने वारा घ्यायचे. आता तो वर आहे, एवढंच मला त्या थांबलेल्या पंख्यावरून कळायचं. पाती पुन्हा फिरू लागेपर्यंत माझं मोजमाप चुकायचं, आणि एकदा तर मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत पोटदुखीचं औषध ओतलं. पंखा फिरू लागला की वाटायचं, उतरला. मग आठवायचं की डॉक्टर म्हणाले होते, उतरल्यावरच खरा धोका.

रस्त्यात भेटला की मी विचारायचो, "टेलचा बल्ब कसा आहे?"

"जळून राह्यला," तो म्हणायचा. कधी सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला ठाण मांडून बसायचा आणि मोठ्याने सांगायचा, "पाहून घ्या कंपाउंडरसाहेब, बसलो. डॉक्टरसाहेबाले सांगा." जाणारे-येणारे हसायचे. मी हसून पुढे जायचो, पण मला त्या वर्षी रोज असं वाटायचं की आज कुणीतरी धावत दवाखान्यात येणार. मी मनात त्याला कितीदा तरी खांबावरून पडताना पाहिलं. त्याला जे झालं ते मात्र माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि वस्तीचे खांब उभे राहिले. ठेकेदाराच्या माणसांनी तारा ओढल्या. चिनीमातीच्या कपांना तारा बांधणं आणि शेवटची जोडणी, एवढं वायरमनचं काम राहिलं होतं. त्याने दिवस धरला तो चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदला. यंदाची जयंती लाइटात करायची, असा वस्तीचा निश्चय होता. मला मुद्दाम बोलावणं आलं. डॉक्टर म्हणाले, "जा तू. आणि त्याच्याजवळ राहा."

मी सायकल हातात धरून नाला ओलांडला तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन आत्तापासूनच चटकू लागलं होतं. वायरमन पहिल्या खांबाखाली पट्टा आवळत होता. मला बघून म्हणाला, "दोन घेतल्या आज."

"दोन कायले?" मीही त्याच्याच बोलीत ओरडलो.

"पाच खांब हायेत. आज डोक्षात रक्त चढून चालनार नाई."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"माहीत हाय. बसतो ना मी. परतेक खांबानंतर बसतो."

तिथून मी सायकल वळवून डॉक्टरांना आणायला हवं होतं. आणलं नाही. दिवस त्याचा होता, आणि सगळी वस्ती दारात उभी होती.

खरं सांगायचं तर त्याने शब्द पाळला. प्रत्येक खांब उतरला की लिंबाच्या सावलीत फतकल मारून बसायचा, लोटाभर पाणी प्यायचा, मग उठायचा. बायका त्याला हसायच्या. त्याची आई, वाळकी, काटक बाई, प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. तिला काही सांगितलेलं नव्हतं. पाचवा खांब पंचशीलेच्या झेंड्याशेजारी होता. तोवर बारा वाजून गेले होते. तो वर जास्त वेळ होता. तारेची गाठ त्याने दोनदा सोडून पुन्हा बांधली. मग खाली उतरला, पट्टा सोडला आणि नाल्याकडे बघून हात वर केला. तिकडे डीपीजवळ उभ्या असलेल्या माणसाने दांडा ओढला. खांबावर टांगलेला बल्ब लागला. भर उन्हात तो धड दिसतही नव्हता, पोरांनी हाताचा आडोसा करून पाहिला आणि सांगितलं की लागला. वस्तीत एकच गलका झाला.

वायरमन सावलीकडे वळला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बसायलाच निघाला होता तो. तेवढ्यात वस्तीतल्या वडीलधाऱ्या माणसाने झेंड्यापुढे मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. गलका थांबला. सगळे होते तिथे हात जोडून उभे राहिले. बायका, पोरं, म्हातारे. वायरमनने एकदा सावलीकडे पाहिलं, एकदा झेंड्याकडे पाहिलं, आणि टाचा जुळवून, हात जोडून, उन्हात ताठ उभा राहिला.

मी दहा पावलांवर होतो. त्याचा चेहरा आधी घामाने चमकत होता, मग चमक गेली आणि राखेचा रंग आला. मला सगळं दिसत होतं. ओरडायला हवं होतं, बसा. पण मी त्या वस्तीतला नव्हतो. माझ्या जातीचा माणूस तिथे पाणी पिऊन गेला तरी अनसिंगला त्याची बातमी व्हायची, असे ते दिवस होते. त्यांनी मला मानाने बोलावलं होतं, एकुलती एक खुर्ची मला दिली होती. पाहुण्याने दुसऱ्याच्या प्रार्थनेत तोंड घालू नये, असं मला वाटलं. दोन मिनिटांत संपेल, असंही वाटलं. वंदना संपायच्या आधी त्याचे गुडघे वाकले.

तो पडला नाही. दोघा तरुणांनी त्याला वरच्यावर झेललं, बगलेत हात घालून उभा धरला. मी धावलो. "आडवं करा," मी म्हणालो. "खाली झोपवा, पाय वर करा." एकाने त्याला खाली टेकवायला सुरुवातही केली. तेव्हा त्याची आई मध्ये आली.

"भुईवर घेऊ नोका त्याले."

आमच्याकडे माणसाला भुईवर कधी घेतात हे तुम्हाला माहीत आहे. जीव जायला लागला की खाटेवरून उतरवून खाली घेतात. धर्म बदलला, देव गेले, पण म्हातारीच्या मनातली ही एक भीती गेली नव्हती. मी म्हणालो, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय." ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "माहा लेक जिता हाये. जित्या मानसाले कोनी भुईवर घेते काय? तुमी दवा देनारे ना, का लेकाले मातीत घालनारे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. कुणीतरी माझीच खुर्ची आणली. त्याला तिच्यावर बसवलं, मान मागे लवंडायला लागली तर ती दोन्ही हातांनी सरळ धरली. कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर पाणी मारलं. खुर्चीतून तो घसरायला लागला तेव्हा म्हातारी मला म्हणाली, "धर ना बाप्पा, पाह्यतं काय?" आणि मी त्याच्या बगलेत हात घातला. ज्याला कसं ठेवायचं हे त्या सगळ्या वस्तीत एकट्या मला माहीत होतं, त्याला मी धरून नीट बसता ठेवला. तो घोरल्यासारखा श्वास घेत होता. मग दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पाठीमागे आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि सांगत होती की लाइट लागला, उठ.

निरोप मिळून डॉक्टर मोटारसायकलवर आले तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी डोळे तपासले, मनगट धरलं, खुर्चीकडे पाहिलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "आडवा केला नव्हतास?"

"नाही."

ते पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मला कामावरून काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

महिन्याभराने म्हातारी दवाखान्यात आली. पेशंट म्हणून नाही, नुसतीच. गर्दी होती. ती कोपऱ्यात बसून राहिली आणि सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आली. वस्तीत कुणीतरी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं आणि ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"कंपाउंडरभाऊ, एक सांग," ती म्हणाली. "तवा त्याले भुईवर घेतला असता, तं तो वाचला असता काय?"

आतल्या खोलीत डॉक्टर होते. दार उघडंच होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही, आजी. त्याची वेळच भरली होती. कसाही धरला असता तरी गेलाच असता."

ती म्हणाली, "मंग बरं. मले वाटे, म्याच मारला."

डॉक्टर आत खुर्ची सरकवून उठले, पण बाहेर आले नाहीत.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. बाजारात कुठेही दिसली की गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत यायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. लोकांना सांगायची, याने माझ्या लेकाला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. मी मान खाली घालून उभा राहायचो आणि ती हात काढून घेईपर्यंत वर बघत नसे.